आखाजीच्या आत

होळीची राख थंड व्हायच्या आत उखाने आखाजीचा विषय काढला. यंदा गावी जायचं, घराचं कुलूप काढायचं, सखूला आणायला पोराला धाडायचं आणि तिला माहेरच्या ओट्यावर बसवून आमरस-पुरणपोळी खाऊ घालायची. बस, एवढंच मागणं होतं त्याचं. आयुष्यभर ज्याने स्वतःसाठी काही मागितलं नाही, अशा माणसाने एकदा तोंड उघडलं की घरच्यांची फार पंचाईत होते, कारण त्याला नाही म्हणायची कुणाला सवयच नसते.

सखू म्हणजे सखुबाई, उखाची धाकटी बहीण. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि चार दिवस सासरचं नाव काढत नाहीत. दिवाळी चुकली तर चुकली, आखाजी चुकवायची नाही असा तिकडचा खाक्या. पण माहेर म्हटलं की दार उघडायला कुणीतरी लागतं. उखा तरुणपणी सुरतेला कापडाच्या मागांवर कामाला आला, मग बायकोला आणलं, मग तिकडे आईबाप गेले, आणि दोंडाईच्याच्या पुढच्या त्या गावातल्या घराला कुलूप लागलं ते लागलंच. सखुबाईचं सासर तिथून जवळच्याच गावात. दर आखाजीला शेजारच्या बाया माहेरी निघाल्या की ती दाराशी बसून त्यांच्या पिशव्या बघायची. तक्रार तिने कधी केली नाही. केली असती तर उखाला इतकं लागलं नसतं.

आणि यंदाच का, हे घरात कुणी कुणाला विचारलं नाही. तीस वर्षं मागांसमोर उभं राहून उखाचे कान गेले होते, आणि धाग्याची बारीक धूळ गिळून गिळून छातीही गेली होती. चार पावलं चालला की त्याला भिंत धरावी लागे. डॉक्टरने त्याच्या बायकोला, भागीरथीला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांच्या मनात काय असेल ते करून टाका." भागीरथीने ते रडत रडत मुलाला सांगितलं. उखाला कुणी सांगितलं नाही. पण तो बहिरा होता, खुळा नव्हता.

मुलाने, गजेंद्रने, शब्द दिला. नुसता दिला नाही, तर गावातल्या एसटीडी बूथवर फोन करून फुईसाठी निरोपही ठेवला, की आखाजीच्या आधी आम्ही तिघं येतो आणि तुला घ्यायला मी स्वतः येतो. बापाच्या बहिणीला तिकडे फुई म्हणतात. फुईने तो निरोप गावभर सांगितला आणि ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात घातलं, असं बूथवाल्याने पुढच्या फोनला हसत हसत कळवलं. तेव्हा आखाजीला महिना होता, आणि महिन्याभरात हातातलं काम संपेल याबद्दल गजेंद्रच्या मनात तिळभरही शंका नव्हती.

हातातलं काम असं होतं. नटुभाई शेठचं लूम्सचं खातं गजेंद्रच्या घरापासून गल्ली ओलांडली की समोरच होतं. खातं म्हणजे कारखाना. सुरतेत मागवाल्यांच्या तोंडी हाच शब्द. याच खात्यात उखाने जन्म काढला होता, आणि याच नटुभाईंनी त्याच्या पोराला कॉम्प्युटर येतो म्हटल्यावर मागांवर न लावता वर ऑफिसात घेतलं होतं. शेठच्या अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर सांगितलं होतं, की मामा, आता सगळा धंदा वेबवर येणार. मामांना वेब म्हणजे काय ते कळलं नाही, पण मागे राहायचं नाही एवढं कळलं. म्हणून कुठल्या जातीच्या कापडाचे किती ताके तयार आहेत आणि कुणाची किती मागणी आहे, हे फोल्डिंगच्या खोलीत बसल्या बसल्या पडद्यावर दिसलं पाहिजे, असा हुकूम सुटला.

गजेंद्रने एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून पीएचपी नावाची भाषा शिकून घेतली. ती शिकवणारा अख्ख्या उधन्यात, सुरतेच्या त्या मागांच्या भागात, कुणी नव्हता, त्यामुळे गुरुही तोच आणि चेलाही तोच. सगळी माहिती वरच्या ऑफिसातल्या मोठ्या मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये, होती. खाली, मागांच्या शेडच्या पलीकडे, जिथे ताके मोजून घडी घालून रचतात त्या फोल्डिंगच्या खोलीत दुसरं मशीन होतं, आणि गजेंद्रने लिहिलेली पानं त्यात होती. खालच्या पानाने वरच्या मशीनला हाक मारायची, वरच्याने माहिती द्यायची, की पडद्यावर ताक्यांचा तक्ता उमटायचा. दोन्ही मशीनच्या मधे एक काळी जाड वायर होती. ती ऑफिसच्या फरशीतून खाली उतरायची आणि शेडच्या भिंतीवरून, मागांच्या डोक्यावरून फोल्डिंगपर्यंत जायची.

शेठने मुहूर्तही काढून ठेवला होता. अखात्रीज. आता गुजरात्यांची अखात्रीज आणि खानदेशाची आखाजी हा दिवस एकच. त्या दिवशी शेठ इथे नारळ फोडणार आणि गजेंद्र तिकडे गावी असणार, तर काम चांगलं चार दिवस आधी हातावेगळं व्हायला हवं होतं. व्हायला काहीच हरकत नव्हती. तक्ता पहिल्या आठवड्यातच उमटला. गजेंद्रने खुशीत येऊन फोल्डिंगवरच्या शालिग्रामला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तक्ता उमटला नाही.

त्याच्या जागी इंग्रजीत एक सूचना आली. तिचा मतलब असा, की वरच्या मशीनशी जोडणी होऊ शकली नाही, चौदावी ओळ बघा. गजेंद्रने चौदावी ओळ बघितली. तिथे वरच्या मशीनचा पत्ता होता, नाव होतं, परवलीचा शब्द होता, आणि सगळं जागच्या जागी होतं. त्याने तीच ओळ पुन्हा तशीच लिहिली. तक्ता उमटला. दुपारी पुन्हा गेला. मग आला. मग दोन दिवस आलाच नाही.

शालिग्राम उखाच्या वयाचा, त्याच्याच गावाकडचा. त्याला माऊस धरायची इतकी भीती, की तो माऊसला हात लावण्याआधी धोतराला पुसून घ्यायचा. गजेंद्रने त्याला एकच कळ दाखवून ठेवली होती, ती मधूनमधून दाबायची आणि तक्ता येतो का ते बघायचं. रोज सकाळी गजेंद्र दारात दिसला की शालिग्राम अहिराणीत बातमी द्यायचा, "गजू, हाई बाई आज बी रुसेल शे."

गजेंद्रने काय केलं नाही? पत्त्याचे आकडे बदलून पाहिले. वरच्या मशीनवर बसून वरच्याच मशीनला हाक मारून पाहिली, तिथे ते मुकाट्याने उत्तर द्यायचं. खालून नुसती साधी हाक पाठवून पाहिली, तर कधी चारातल्या दोन हाकांना उत्तर यायचं, कधी एकालाही नाही. मग त्याने खालच्या मशीनमधलं, वायर जिथे जोडतात ते, कार्ड बदललं. नानपुऱ्याच्या दुकानदाराने बदलून दिलेलं कार्डही तसंच वागलं, तेव्हा त्याने वरचंही बदललं. फरक शून्य.

वायरीवर त्याचा संशय नव्हता असं मुळीच नाही. पण वायर मागांच्या डोक्यावरून जाते. ती तपासायची तर मागांमध्ये शिडी लावायला हवी, आणि चालत्या मागांमध्ये शिडी कोण लावू देणार? म्हणून तो सुट्टीच्या दिवसाची वाट बघत थांबला. त्या दिवशी माग बंद, ऑफिसचं आणि फोल्डिंगचं मीटर वेगळं असल्यामुळे मशीन मात्र चालू. त्याने शिडीवर चढून वायर हाताखालून घातली, वीत वीत करून. मधे भिंतीवर एक सांधा होता, कारण मूळ वायर आखूड पडली होती; तो त्याने फिरवून घट्ट केला. खाली येऊन कळ दाबली तर तक्ता लख्ख उमटला. दिवसभर उमटत राहिला. पुढच्या सुट्टीला पुन्हा चढला, पुन्हा तेच, सगळं बिनबोभाट. मग वायरीला दोष कसा देणार? वायर निर्दोष सुटली.

त्याने डोकं चालवलं. सुट्टीच्या दिवशी चालतं आणि कामाच्या दिवशी अडतं, म्हणजे काय? कामाच्या दिवशी वर मुनीमजी आणि दोन कारकून मोठ्या मशीनवर बसतात. म्हणजे गर्दी. म्हणजे आपल्या लिहिण्यातच खोट आहे. आपला प्रोग्राम दार उघडतो आणि नीट लावून घेत नाही, म्हणून वरचं मशीन गुदमरतं. हे त्याला इतकं पटलं, की तो मनापासून खुश झाला. आजार सापडल्यासारखा वाटला की माणसाला औषधाचा भारी उत्साह येतो. त्याने सगळी पानं नव्याने लिहायला घेतली.

घरी आला की उखा खाटेवर उठून बसायचा. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, म्हणून त्या घरातलं सगळं बोलणं शेजाऱ्यांना पाठ होतं.

"व्हयनं का रे काम?"

"व्हई जाई, बा. दोन दिन."

"व्हऊ दे, व्हऊ दे. आर्धं टाकीसन जानं नही."

हे दोन दिन संपता संपेनात. उखाने कधी आवाज चढवला नाही, कपाळाला आठी पाडली नाही. उलट दाराशी येणाऱ्याला तो सांगायचा, की माझा पोरगा मशीनला बोलायला शिकवतोय, त्याला वेळ लागतो. बाप चिडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर कदाचित गजेंद्र वेळेवर हलला असता. पण बापाच्या त्या शहाणपणाने त्याला मोकळं रान मिळालं.

आखाजीला आठवडा उरला तेव्हा भागीरथीचा धीर सुटला. तिने पिशव्या भरून ठेवल्या होत्या, उखाने बहिणीसाठी निवडलेली साडीही त्यात सगळ्यात वर ठेवली होती. ती पोराला म्हणाली, "मी लई जास त्यास्ले. तू मांगून ये."

ती त्यांना घेऊन पुढे जाणार, हा मागून येणार. गजेंद्र तयार झाला. खरं तर त्याला सुटल्यासारखंच वाटलं. पण उखाने तिच्या ओठांवरून ते ओळखलं आणि मान हलवली.

"पोऱ्या जाई तिले लेवाले. तवयच ती येई."

यात हट्ट नव्हता, रीत होती. लेकीला आणायला भाऊ जातो, नाहीतर भाच्याने जायचं असतं. भाऊ तर दारापर्यंतही चालू शकत नव्हता. भागीरथीने भरलेल्या पिशव्या भिंतीशी सरकवल्या. शेठकडे जाऊन, बाप आजारी आहे, चार दिवस सुट्टी द्या, असं म्हणावं हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि त्याने ते बाजूला सारलं. ज्या शेठने मागांवरच्या माणसाच्या पोराला खुर्ची दिली, त्याच्यापुढे अर्धवट काम घेऊन उभं राहायची त्याला लाज वाटली. शिवाय, आणि हेच जास्त खरं, ती चौदावी ओळ त्याला सोडवत नव्हती. आपण लिहिलेलं चालत नाही हे त्याला रात्रंदिवस टोचत होतं. उद्या सुटेल, हमखास उद्या सुटेल, असं त्याला रोज वाटायचं.

आखाजीला तीन दिवस होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. गजेंद्र फोल्डिंगच्या खोलीत नवं पान चढवत होता आणि शालिग्राम बाजूला उभा राहून त्याला आपल्या मुलीच्या लग्नाची बातमी तिसऱ्यांदा सांगत होता. आखाजीच्याच मुहूर्तावर लग्न होतं. तेवढ्यात शेजारची बाई धावत आली. मागांच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येईना. तिने नुसता हात हलवला, आणि गजेंद्र खुर्ची पाडून पळत सुटला.

गल्ली ओलांडायला असा कितीसा वेळ लागतो? पण उखा तेवढाही थांबला नाही. खाटेवर बसल्या बसल्या तो भिंतीला कलला होता. भागीरथी त्याच्या पायाशी होती आणि त्याचं पाऊल हातात धरून चोळत होती. मुलाला बघून ती म्हणाली, "आत्तेच पानी मांगं व्हतं." आत्ताच पाणी मागितलं होतं. गजेंद्रने बापाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन जोरात हाक मारली, रोज मारायचा तशीच. गल्लीतल्या सगळ्यांना ती ऐकू गेली.

गावी नेण्यासारखी परिस्थिती नव्हती. ऐन उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारीच काढायचं ठरलं. बूथवर फोन केला, बूथवाला सायकलवर सखुबाईकडे गेला, पण ती गाडीने यायची म्हणजे रात्र होणार होती. तिच्यासाठी थांबावं असं भागीरथीला वाटत होतं. चार शहाण्या माणसांनी नको म्हटलं.

त्या गल्लीत एक रीत होती. ज्या खात्यात माणसाने जन्म काढला, त्या खात्यासमोरून त्याची तिरडी निघाली की गल्लीतल्या सगळ्याच खात्यांनी माग थांबवायचे. ती वळणाआड जाईपर्यंत थांबवायचे, मग पुन्हा सुरू. शेठलोकांनाही हे मान्य होतं. नटुभाई स्वतः खाली उतरले आणि त्यांनी आपल्या हाताने मागांचा मुख्य खटका ओढला. गजेंद्र पुढे मडकं धरून चालला होता. खात्यासमोर आल्यावर एकदम त्याला वाटलं, आपले कान बसले. पायाखालची जमीनही परकी वाटली. पाळण्यात होता तेव्हापासून दिवसरात्र ज्या खडखडाटात तो वाढला, ज्याच्यावाचून त्याला झोपही येत नसे, तो थांबला होता. बाहेरच्या गावचा पाहुणा आला की विचारायचा, तुम्ही हा आवाज सहन कसा करता. आणि या गल्लीतली पोरं त्याला उलट विचारायची, कुठला आवाज? त्या क्षणी गजेंद्रच्या डोक्यात काही नव्हतं. हातातलं मडकं हिंदकळू नये एवढंच तो बघत होता.

शालिग्राम तिरडीमागे आला नाही. घरात लग्न उभं राहिलेलं, म्हणून त्याला मयतीला यायची बंदी होती. तीस वर्षांच्या जोडीदाराला त्याने फोल्डिंगच्या खिडकीतूनच हात जोडले.

सखुबाई रात्री पोचली. ठेवणीतलं लुगडं नव्हतं, अंगावरच्या लुगड्यानिशी तशीच निघाली होती. रिकामी खाट बघून तिने हंबरडा फोडला नाही. ती खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "तोंडबी दखाले भेटनं नही माले." मग तिने भागीरथीला जवळ घेतलं. गजेंद्रने पुढचे दोन दिवस तिच्या नजरेला नजर दिली नाही.

आणि मग आखाजी उजाडली. सुतकाच्या घरात कसला सण? शेजाऱ्यांकडून भाकरी आणि पिठलं आलं होतं. कुठेतरी लग्नाचा बँड वाजत होता, बहुधा शालिग्रामकडचाच. सखुबाई दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसली होती.

दुपारी नटुभाई शेठ आले. पांढरा सदरा घालून, खाली सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसले. उखाबद्दल चार शब्द बोलले, ते मनापासून बोलले. उखाने जोडलेला धागा कधी दिसायचा नाही, असं म्हणाले. मग काहीतरी बोलायचं म्हणून, पण चांगलंच वाटेल म्हणून, ते बोलले.

"गजेंद्र, एक वात कहूं? तारा बापाए जतां जतां आशीर्वाद आप्या."

बापाने जाता जाता आशीर्वाद दिला, म्हणे. मग त्यांनी हिंदी-गुजरातीच्या मिश्रणात सांगितलं ते असं. तिरडी समोरून चालली होती. शालिग्राम खिडकीत हात जोडून उभा होता, ढसाढसा रडत होता. रडता रडता मागे वळला, हाताला चाळा म्हणून ती कळ दाबली, आणि बघतो तर तक्ता. अख्खा तक्ता, सगळे ताके, सगळ्या मागण्या. पुन्हा दाबली, पुन्हा तक्ता. तिरडी वळणाआड जाईपर्यंत एकदाही चुकला नाही. नंतर पुन्हा बंद. बाई रुसली ती रुसलीच. "त्याचा जीव तुझ्यात अडकला होता रे," असं शेठ म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

गजेंद्र ऐकत होता. सतरंजीवर त्याचा हात होता, आणि सतरंजीखाली फरशी होती, आणि फरशी बारीक थरथरत होती. गल्लीतल्या इतर खात्यांचे माग चालू होते. ती थरथर नेहमीचीच होती, म्हणून ती त्याला कधी जाणवलीच नव्हती. आता जाणवली. भिंतीवरचा सांधा. मागांची भिंत. माग चालले की भिंत हालते, भिंत हालली की सांध्यातली तार जागा सोडते. माग थांबले की ती जागेवर येते. सुट्टीला तक्ता दिसायचा, कारण सुट्टीला माग बंद. शिडीवर चढला तेव्हा वायर निर्दोष होती, कारण माग बंद असल्याशिवाय शिडीवर चढताच येत नव्हतं. चौदाव्या ओळीत काहीच खोट नव्हती. महिनाभर नव्हती. उधन्याबाहेरचा कुठलाही माणूस खोलीत शिरता क्षणी म्हणाला असता, अरे ही भिंत किती हालते. त्याला ते दिसलं नाही, कारण तो इथलाच होता. आणि ते दिसावं म्हणून माग थांबायला हवे होते, आणि माग थांबावेत म्हणून बापाला जावं लागलं.

तो म्हणाला, "शेठ, त्या भिंतीवरचा सांधा काढून टाका. वायर सलग घ्या, आणि भिंतीला न टेकवता वरून न्या. चालेल."

"बस? एटलुंज?"

"एवढंच."

भरून ठेवलेल्या पिशव्यांकडे नटुभाईंचं लक्ष गेलं असावं, किंवा भागीरथीने आधी त्यांना काही सांगितलं असावं. उठता उठता त्यांनी विचारलं, "तमारे गाम जवानुं हतुं, तो मने कह्युं केम नहीं? मुरत तो दिवाळीनुं पण थई जात."

गावी जायचं होतं तर मला का नाही सांगितलंस. मुहूर्त काय, दिवाळीचाही धरला असता. शेठ साध्या मनाने बोलले आणि गेले. गजेंद्र त्यांना दारापर्यंत पोचवायलाही उठला नाही.

घरात तिघंच उरली. भागीरथी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. सखुबाईला गुजराती येत नव्हतं, पण ती भाच्याचं तोंड बघत होती. तीन दिवसांत तिने पहिल्यांदा त्याला विचारलं.

"काय म्हने तो शेठ?"

"मना कामनं बोलना, फुई. मशीन चालत नव्हतं. म्हनीसन मी तुले लेवाले उना नही. महिनाभर बिघाड सापडे नही."

"आते सापडना का?"

"सापडना."

"कवय?"

कधी ते सांगताना गजेंद्रने रिकाम्या खाटेकडे बघितलं. "बा ले लई ग्यात तवय."

बापाला नेलं तेव्हा. यातलं तिला किती कळलं कुणास ठाऊक. तिने मशीनचं काही विचारलं नाही. पदराच्या टोकाने तिने खाटेच्या दांड्यावरची धूळ पुसली, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. मग म्हणाली, आणि तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, तेच ऐकवेना:

"इतलं काम व्हतं ते माले सांगी देतास. मीच ई जाती आठे."

गजेंद्रने मान वर केली. ती इथे आली असती. गाडीत बसून, एका दिवसात, तशीच जशी तीन दिवसांपूर्वी आली. कुणी तिला या म्हटलं असतं तर. बापाला वाटलं, माहेर म्हणजे ते कुलूप लावलेलं घर. गजेंद्रलाही तसंच वाटलं, भागीरथीलाही. महिनाभर तिघांनीही गावी जायचाच विचार केला, तिला उधन्याला बोलवायचं एकाच्याही मनात आलं नाही.

"माले घर नही दखनं व्हतं रे पोऱ्या," सखुबाई म्हणाली. "भाऊ दखना व्हता."

तेव्हा गजेंद्र रडला. बाप गेला तेव्हा लोकांसमोर रडला होता, ते वेगळं. हे रडणं थांबेना. फुईने त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत बसली. आखाजीचा दिवस कलेपर्यंत ती तशीच, भावाच्या घरात, बसून होती.